प्रफुल्लकुमार सेन

डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९१५ – १९८२) हे मुंबईतील किंग एडवर्ड मेमोरियल (केईएम) रुग्णालयातील शल्यविशारद, शल्यक्रियेचे प्राध्यापक आणि भारतातील हृदयशल्यक्रियेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. वैद्यकीय वर्तुळात ते पी. के. सेन या नावाने ओळखले जात. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली केईएममध्ये भारतातील आणि आशियातील पहिले मानवी हृदयरोपण झाले व त्यामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. तथापि त्यांच्या हृदयकार्याचा पाया त्यापूर्वी पंधरा-सोळा वर्षे घातला गेला होता. हृदयाच्या आकसलेल्या द्विदल झडपेवर १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सुरू केलेल्या शस्त्रक्रिया हा तो पाया होय. भारत सरकारने १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

आरंभीचे जीवन आणि शिक्षण

सेन यांचा जन्म १९१५ मध्ये एका बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि पुढील सर्व कारकीर्दही ह्याच महाविद्यालयाशी व त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयाशी निगडित राहिली.

ह्या संस्थेची जडणघडण सेन यांचे कार्य समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे. परळ येथील हे महाविद्यालय व रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. तेथील अध्यापकवर्ग भारतीय असावा, ही देणगीदारांची अट होती. सरकारी वैद्यकीय संस्थांतील वरिष्ठ पदे त्या काळी बहुतांशी ब्रिटिशांकडे असत. भारतीय डॉक्टर अध्यापन, संशोधन आणि अवघड शस्त्रक्रिया स्वतःच्या बळावर करू शकतात, हे दाखवून देण्याची ईर्ष्या ह्या संस्थेच्या मुळाशीच होती. रुग्णालय मुंबई महानगरपालिकेचे असल्यामुळे तेथे येणारा रुग्ण प्रामुख्याने गरीब व श्रमिक वर्गातील असे.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस सेन अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उच्च प्रशिक्षणासाठी गेले. हृदयशल्यक्रियेच्या दृष्टीने ते शहर त्या वेळी अग्रभागी होते. चार्ल्स बेली यांनी जून १९४८ मध्ये तेथेच आकसलेली द्विदल झडप बोटाने मोकळी करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. मुंबईस परतल्यावर सेन यांनी केईएममध्ये छातीच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांकडे लक्ष वळवले.

गिरणगावातील रुग्ण आणि झडपांचा आजार

केईएम रुग्णालय ज्या परळ-लालबाग परिसरात आहे, तो त्या काळी कापडगिरण्यांचा परिसर होता. गिरणीकामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून (त्या वेळी आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही त्यातच होता) आलेल्यांचा भरणा मोठा होता. चाळीतील दहा-बारा फुटांच्या एका खोलीत अनेक माणसे दाटीवाटीने राहत. अशी दाटी हे ऱ्हुमॅटिक तापाच्या, म्हणजेच संधिज्वराच्या, प्रसाराचे एक प्रमुख कारण असते.

ह्या तापाची सुरुवात साध्या घसादुखीने होते. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंच्या एका गटामुळे घसा सुजतो आणि काही दिवसांत बराही होतो. परंतु काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे, मनगटे असे सांधे एकापाठोपाठ एक सुजतात व दुखतात. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते, हे त्याचे कारण होय. पाच ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना हा ताप अधिक होतो. सांधे पूर्ववत होतात, पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा राहून जाते. ताप वारंवार उलटला, तर झडपांची पाकळ्यांसारखी दले जाड होतात, त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि झडपेचे तोंड अरुंद होत जाते.

हा परिणाम सर्वाधिक होतो तो द्विदल झडपेवर. डावे अलिंद आणि डावे निलय ह्यांच्यामधील ही झडप. निरोगी प्रौढ माणसात तिचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाले की आजार तीव्र मानला जातो. रक्त पुढे सरकत नाही, ते अलिंदात व तेथून मागे फुप्फुसांत तुंबते. रुग्णाला चालताना धाप लागते, रात्री झोपेतून उठून बसावे लागते, कधी खोकल्यावाटे रक्त पडते. नाडी जलद झाली की निलय भरण्यास मिळणारा वेळ कमी होतो आणि त्रास वाढतो. त्यामुळेच तोवर ठीक असलेली तरुण स्त्री गरोदरपणी अचानक अत्यवस्थ होते आणि तेव्हा प्रथमच तिच्या झडपेचा आजार लक्षात येतो, असे अनेकदा घडते. पाश्चात्त्य देशांत झडप आकसण्यास बहुधा दोन-तीन दशके लागतात. भारतात मात्र हे विशीच्या आतही आढळते. सुजॉय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ह्या बाल-तरुण वयातील आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

हृदयाचे ध्वनी आणि निदान

१९५० च्या दशकात हृदयाचे ध्वनिचित्रण करणारी आजची यंत्रे उपलब्ध नव्हती. झडपेच्या आजाराचे निदान मुख्यतः स्टेथोस्कोपनेच करावे लागे आणि शस्त्रक्रिया करावी की नाही, हा निर्णयही बराचसा त्यावरच अवलंबून असे. म्हणून हृदयाच्या ध्वनींची मूलतत्त्वे येथे थोडक्यात दिली आहेत.

निरोगी हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात दोन ध्वनी ऐकू येतात. पहिला काहीसा लांब व जड असतो. तो द्विदल आणि त्रिदल झडपा मिटताना होतो व त्याबरोबर निलयांचे आकुंचन सुरू होते. दुसरा आखूड व तीक्ष्ण असतो. तो महाधमनीच्या आणि फुप्फुसधमनीच्या मुखाशी असलेल्या झडपा मिटताना होतो. पहिल्या आणि दुसऱ्या ध्वनींमधील काळ हा आकुंचनकाल, तर दुसऱ्यापासून पुढच्या पहिल्यापर्यंतचा काळ हा प्रसरणकाल होय. विश्रांत अवस्थेत प्रसरणकाल अधिक लांब असतो. त्यामुळे कोणता ध्वनी पहिला हे ओळखता येते. शंका असल्यास मानेतील नाडीवर बोट ठेवतात. नाडीचा ठोका पहिल्या ध्वनीच्या पाठोपाठ लागतो.

झडपा निरोगी असताना त्या उघडण्याचा आवाज होत नाही आणि त्यांतून जाणारे रक्तही सहसा निःशब्द वाहते. झडप अरुंद झाली किंवा नीट मिटेनाशी झाली, की प्रवाह खळबळतो आणि दोन ध्वनींच्या मधल्या शांततेत एक जादा आवाज ऐकू येतो. त्याला मर्मर म्हणतात. मर्मर कोणत्या काळात, छातीवर कोठे आणि कोणत्या दिशेने पसरत ऐकू येतो, यावरून सदोष झडप ओळखतात. महाधमनीची झडप अरुंद असेल तर आकुंचनकालातील खरखरीत मर्मर मानेकडे पसरतो. तीच झडप गळत असेल तर दुसऱ्या ध्वनीनंतर लगेच फुंकर घातल्यासारखा मर्मर, रुग्णाला पुढे वाकवून श्वास सोडण्यास सांगितल्यावर, स्पष्ट होतो. द्विदल झडप गळत असेल तर आकुंचनकालभर चालणारा मर्मर हृदयाच्या टोकापासून डाव्या काखेकडे जातो.

आकसलेल्या द्विदल झडपेची खूण ह्या सर्वांहून वेगळी आहे. तिचा मर्मर प्रसरणकालात येतो. तो मंद, खालच्या पट्टीतील, दूरवर गाडी धडधडत जावी तसा घरघरणारा असतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकावर अलगद टेकवली तरच तो नीट ऐकू येतो. घाईने तपासल्यास हमखास निसटतो. ह्या आजारात पहिला ध्वनी मोठा होतो. अलिंदात तुंबलेल्या रक्ताच्या दाबामुळे झडपेची दले शेवटपर्यंत खाली दाबलेली राहतात आणि निलय आकुंचन पावताच दुरून येऊन जोराने मिटतात, म्हणून हा आवाज मोठा. दुसऱ्या ध्वनीनंतर झडप उघडतानाही टक् असा एक आवाज येतो. दुसरा ध्वनी आणि हा टक् आवाज यांतील अंतर जितके कमी, तितका आजार अधिक तीव्र.

शल्यविशारदाच्या दृष्टीने ह्या दोन आवाजांना विशेष अर्थ होता. पहिला ध्वनी मोठा असणे आणि उघडण्याचा आवाज स्पष्ट असणे म्हणजे झडपेची दले अजून लवचीक आहेत व केवळ कडांशी चिकटली आहेत. अशी झडप बोटाने मोकळी होऊ शकते. झडपेत कॅल्शियम साचून ती दगडासारखी झाली, की हे दोन्ही आवाज क्षीण होतात किंवा लोपतात. अशा झडपेत बोट घालून फारसे हाती लागत नाही.

बंद हृदयावरील झडप-शस्त्रक्रिया

आकसलेली द्विदल झडप शस्त्रक्रियेने मोकळी करावी, ही सूचना लॉडर ब्रंटन या ब्रिटिश वैद्याने १९०२ मध्ये केली, तेव्हा तिच्यावर टीकाच अधिक झाली. १९२३ मध्ये बोस्टन येथे एलियट कटलर यांनी एका मुलीची झडप सुरीसारख्या उपकरणाने कापली. १९२५ मध्ये लंडन येथे हेन्री सुटर यांनी एका मुलीच्या अलिंदात बोट घालून झडप तपासली व मोकळी केली. मुलगी बरी झाली. तरीही सुटर यांच्याकडे ह्या शस्त्रक्रियेसाठी दुसरा रुग्ण पाठवला गेला नाही. दोष हृदयाच्या स्नायूत आहे, झडपेत नव्हे, अशी बहुतेक वैद्यांची धारणा होती. पुढे दोन तपे हा विषय जवळपास थांबला. १९४८ मध्ये फिलाडेल्फियात बेली, बोस्टनमध्ये ड्वाइट हार्कन आणि लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनी काही महिन्यांच्या अंतराने तो पुन्हा सुरू केला. बेली यांचे त्यापूर्वीचे रुग्ण दगावले होते आणि रुग्णालये त्यांना परवानगी देण्यास कचरू लागली होती.

सेन यांनी ही शस्त्रक्रिया १९५० च्या दशकाच्या आरंभी केईएममध्ये सुरू केली. तमिळनाडूतील वेल्लोर येथेही रीव्ह बेट्स यांनी त्याच सुमारास अशा शस्त्रक्रियांना प्रारंभ केला. ह्या दोन ठिकाणांहून ती देशात इतरत्र पसरली.

शस्त्रक्रियेची पद्धत अशी होती. छातीच्या डाव्या बाजूने, फासळ्यांमधून, हृदयापर्यंत पोहोचत. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखा एक उपांग-भाग असतो. त्याभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घालत. त्या भागाला छेद देऊन शल्यविशारद आपली तर्जनी आत सरकवी आणि टाका बोटाभोवती आवळून रक्तस्राव रोखला जाई. हृदय धडधडत असतानाच बोटाच्या टोकाने झडपेचे तोंड चाचपायचे आणि चिकटलेल्या कडा दाबून विलग करायच्या. आत काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नसे. सर्व भिस्त स्पर्शावर असे. पुढे निलयाच्या टोकातून आत सरकवण्याचे, झडप फाकवणारे उपकरण आले. त्याचे टोकही अलिंदातील बोटानेच झडपेत बसवीत.

धोके थोडे नव्हते. अलिंदात रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून मेंदूकडे जाऊ शके. जोर अधिक लागला तर झडप फाटून गळू लागे, आणि गळणाऱ्या झडपेवर त्या काळी उपाय नव्हता. यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही काही वर्षांनी झडप पुन्हा आकसू शके. तरीसुद्धा ह्या शस्त्रक्रियेचा एक गुण निर्णायक ठरला. तिला हृदय-फुप्फुस यंत्र लागत नसे, हृदय थांबवावे लागत नसे, आणि खर्च महानगरपालिकेच्या रुग्णालयाला झेपण्याजोगा होता. पायऱ्या चढताना बसावे लागणारा रुग्ण पुन्हा कामावर जाऊ शके. अत्यवस्थ गरोदर स्त्रीवरही ही शस्त्रक्रिया करता येई व त्यामुळे माता आणि मूल दोघेही वाचण्याची आशा निर्माण झाली. परदेशात ऱ्हुमॅटिक तापाचे प्रमाण घटल्यावर आणि उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया रुळल्यावर ही पद्धत मागे पडली; भारतात ती त्यानंतरही अनेक वर्षे प्रचलित राहिली.

प्रायोगिक संशोधन

रुग्णालयातील कामाबरोबरच सेन यांनी प्राण्यांवरील प्रायोगिक शल्यक्रियेचे काम उभे केले. जी. बी. पारुळकर, एस. आर. पांडे आणि विकृतिशास्त्रज्ञ एस. जी. किनरे हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. महाधमनीचा मधला भाग अरुंद होण्याच्या विकारावरील त्यांचा निबंध १९६३ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूला थेट हृदयाच्या पोकळीतून रक्त मिळते, ह्या निरीक्षणावरून त्यांना एक कल्पना सुचली. रक्तपुरवठा कमी पडलेल्या हृदयस्नायूत सुईने बारीक छिद्रे पाडून तसाच मार्ग करता येईल का, हे त्यांनी पाहिले. हे काम १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे लेझर किरणांनी अशी छिद्रे पाडण्याचे जे उपचार अमेरिकेत विकसित झाले, त्यांची पूर्वपीठिका म्हणून ह्या कामाचा उल्लेख केला जातो.

सोव्हिएत संघात व्लादिमीर देमिखोव्ह आणि अमेरिकेत नॉर्मन शमवे हे कुत्र्यांवर हृदयरोपणाचे प्रयोग करीत होते. केईएममध्येही असे प्रयोग सुरू झाले. १९६५ मध्ये सेन आणि सहकाऱ्यांनी शंभर प्रयोगांचा प्राथमिक अहवाल इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध केला. १९६८ ची शस्त्रक्रिया अचानक केलेले धाडस नव्हती, हे ह्या अहवालावरून स्पष्ट होते.

१९६८ मधील हृदयरोपण

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातील पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर तीन महिने पूर्ण होण्याआधीच, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, सेन यांच्या पथकाने केईएममध्ये ही शस्त्रक्रिया केली. जगातील ते सहावे हृदयरोपण होते. बर्नार्ड, एड्रियन कँट्रोविट्झ आणि शमवे यांच्यानंतर ते करणारे सेन हे चौथे शल्यविशारद ठरले. हृदयस्नायूच्या आजाराने जर्जर झालेल्या एका तरुण शेतकऱ्याला अपघातात दगावलेल्या तरुणीचे हृदय बसवण्यात आले. नवे हृदय धडधडू लागले. मात्र काही तासांतच रुग्णाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसरे हृदयरोपण केले; तो रुग्णही एक दिवस पुरा जगला नाही. त्यानंतर त्यांनी हा प्रयत्न पुन्हा केला नाही.

ह्या घटनेचे मूल्यमापन करताना त्या काळाची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. मेंदूचे कार्य कायमचे थांबणे म्हणजे मृत्यू, ही व्याख्या तेव्हा कोठेच निश्चित झालेली नव्हती. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा त्याविषयीचा प्रसिद्ध अहवाल ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे मुंबईतील पहिल्या हृदयरोपणानंतर सहा महिन्यांनी आला. भारतात अवयवदानाचा कायदाही नव्हता. दुसऱ्याचे हृदय शरीराने नाकारू नये म्हणून द्यावयाची औषधे अपुरी होती. १९६८ मध्ये जगभरात शंभराहून अधिक हृदयरोपणे झाली; त्यांतील बहुसंख्य रुग्ण फार काळ जगले नाहीत आणि बहुतेक केंद्रांनी हे काम थांबवले. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. केईएममधील प्रयत्नापासून तोवर सव्वीस वर्षे उलटली होती. सेन यांचे निधन १९८२ मध्ये झाले होते.

वारसा

सेन यांच्या नावापुढे आज बहुधा १९६८ च्या हृदयरोपणाचाच उल्लेख येतो. तो दोन रुग्णांवरील, अयशस्वी ठरलेला प्रयत्न होता. द्विदल झडपेवरील शस्त्रक्रियेला तशी प्रसिद्धी लाभली नाही. परंतु केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयांतून तिचा लाभ घेतलेल्या रुग्णांची संख्या फार मोठी आहे. महागड्या यंत्राची वाट न पाहता, काळजीपूर्वक केलेले निदान आणि शिकवता येण्याजोगे हस्तकौशल्य यांवर भारतात हृदयशल्यक्रिया उभी राहू शकते, हे त्या शस्त्रक्रियेने दाखवून दिले. सेन यांच्या हाताखाली तयार झालेल्या पिढीने, विशेषतः पारुळकर आदी सहकाऱ्यांनी, हे काम मुंबईत पुढे चालवले.

बंद हृदयावरील ह्या शस्त्रक्रियेची जागा आता बव्हंशी फुग्याच्या उपचाराने घेतली आहे. जपानमधील कान्जी इनोउए यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या ह्या पद्धतीत जांघेतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्या टोकावरील फुगा झडपेत फुगवून चिकटलेल्या कडा विलग करतात. तत्त्व तेच आहे, केवळ बोटाच्या जागी फुगा आला आहे. झडप लवचीक असावी, ही अटही तीच आहे.

मूळ आजार मात्र देशातून नाहीसा झालेला नाही. स्ट्रेप्टोकॉकसमुळे झालेल्या घसादुखीवर वेळीच पेनिसिलीन दिल्यास ऱ्हुमॅटिक ताप टळतो. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दीर्घ परिणाम करणाऱ्या पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी अनेक वर्षे दिल्यास झडपांची पुढील हानी रोखता येते. सांधेदुखी थांबली म्हणून ही इंजेक्शने मध्येच सोडून देणे, हे झडप निकामी होण्याचे आजही एक मोठे कारण आहे.